भोंग्याचं तोंड कुणीकडे

गेल्या वर्षी आमच्या घरी दोन वस्तू तयार झाल्या. दोन्ही लाकडी, दोन्ही पोकळ आणि दोन्ही गच्चीच्या जिन्यातून खाली उतरेनात.

मी त्यांना हॉर्न म्हणत होतो. माझी बायको मंगल त्यांना भोंगे म्हणत होती. शेजारच्या कोल्हेकाकू मात्र 'ते तुमचं' एवढंच म्हणायच्या. सकाळी पापड वाळत घालायला त्या त्यांच्या गच्चीवर आल्या की कठड्यावरून विचारायच्या, "ते तुमचं झालं नाही का हो अजून?" जणू काही मला गळू झालं आहे.

मी जळगावात पाइपच्या कारखान्यात आराखडे काढतो. ठिबकच्या नळ्यांचे सांधे, कोपरे, मोठ्या पाइपातून लहान पाइपात पाणी नेणारे तुकडे, हे माझं काम. पाण्याला इकडून तिकडे नेण्यात जन्म गेल्यामुळे माझी अशी पक्की समजूत झाली आहे की जगातली प्रत्येक गोष्ट पाण्यासारखीच वाहते. आवाजसुद्धा. (ही समजूत ऑफिसात खपते. धुळ्यात खपली नाही.)

धुळ्याला माझी सासुरवाडी. श्रावणात तिथे कानबाई बसते तेव्हा मंगलची सगळी भाऊबंदकी माझ्या सासऱ्यांकडे, म्हणजे नानांकडे जमते. नारळाला नथ घालून, लुगडं नेसवून देवीला चौरंगावर बसवतात, बाजूला केळीचे खांब उभे करतात, नैवेद्याचे जाड रोट करतात. रोट भाऊबंदांनीच खायचे असतात. जावई पडला परका, म्हणून माझ्यासाठी वेगळ्या पोळ्या होतात, आणि त्या खाताना मला घरचे सगळे कुतूहलाने बघतात. पण मला तिथे जायला आवडतं ते अक्कांच्या गाण्यांसाठी. अक्का म्हणजे नानांची थोरली भावजय. कानबाईची सगळी गाणी पाठ असलेलं घरात आता एकच माणूस उरलं आहे, ते म्हणजे अक्का. बाकीच्या बायकांना धृपद येतं, आणि धृपदानंतर त्या अक्कांच्या तोंडाकडे बघतात.

भोंगे केले त्याच्या आदल्या वर्षी घोटाळा झाला. मागच्या गल्लीतल्या मंडळींनी त्यांच्या कानबाईला डीजे आणला. संध्याकाळी अक्कांनी गाणं सुरू केलं आणि पलीकडून दणका सुरू झाला. अक्कांचे ओठ हलताना दिसत होते. ऐकू येत होता तो फक्त डीजे, आणि त्याच्या तालावर स्वयंपाकघरातल्या ताटल्या. अक्का गाण्याच्या मधेच थांबल्या. अशा त्या कधीच थांबल्या नव्हत्या.

"बस व्हयनं आते," त्या म्हणाल्या. "पुढला साल मी गाना म्हननार नही. देवीलेच ऐकू येत नही, ते मी कोनले म्हनू?"

परत येताना पारोळ्यापर्यंत मंगल खिडकीकडे तोंड करून बसली होती. मग म्हणाली, "मला एक गाणं पूर्ण येत नाही हो. अक्का थांबल्या की संपलं सगळं." मी धीर द्यायला म्हणालो, की मी मोबाइलवर रेकॉर्ड केलंय. घरी येऊन आम्ही ते ऐकलं. त्यात डीजे फारच स्वच्छ आला होता.

मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी काहीतरी बनवायला घेतो. हा माझा जुना आजार आहे.

नानांचा उमेदीच्या काळात लाउडस्पीकरचा धंदा होता. लग्न असो, निवडणूक असो, धुळ्यात नानांचे टिनाचे भोंगे झाडावर चढल्याशिवाय काही सुरू होत नसे. टिन कधीच गंजून गेलं. पण भोंग्याच्या मागे बसवतात ती युनिटं, म्हणजे ज्यातून मुळात आवाज निघतो ते लोखंडी डबे, नानांनी जुन्या धोतरात गुंडाळून ट्रंकेत ठेवले होते. वजनाला वरवंट्यासारखे. मी फोन केला तेव्हा नाना म्हणाले, "युनिट आजून जित्तं शे, जवाईबुवा. भोंगा सडी गया." मी ती युनिटं आणि नानांचं जुनं मशीन (साउंडवाले अॅम्प्लिफायरला मशीनच म्हणतात) जळगावला आणलं, आणि इंटरनेटवर बघतो तर काय, जगात लोक असल्या जुन्या युनिटांना हाताने लाकडी भोंगे करून लावत होते, आणि त्यांच्या आवाजाचं एकमेकांना असं वर्णन करत होते की वाचून लाज वाटावी.

माझं कुतूहल चाळवलं. युनिटमधली चकती जेमतेम केसभर हलते. नुसतं युनिट वाजवलं तर डास गुणगुणल्यासारखं वाटतं. त्याच्यापुढे हळूहळू रुंदावत जाणारी पोकळी लावली की तोच आवाज गल्लीभर जातो. आता त्या पोकळीत तर काहीच नसतं. वीज नाही, तार नाही. मग आवाज वाढतो कुठून? हा प्रश्न मी आठवडाभर सगळ्यांना विचारला. साहेबांना विचारला, दूधवाल्याला विचारला. मंगलला विचारला तेव्हा ती भाजी निवडत होती.

"रिकामी जागा असली की आवाज जास्त होतो," ती मान वर न करता म्हणाली. "हे मला लग्न झाल्यावर लगेच कळलं."

आराखडा मात्र झकास निघाला. भोंग्याची वाट ठराविक अंतर गेली की दुप्पट ऐसपैस झाली पाहिजे, एवढाच नियम. जितका खालचा, घोगरा आवाज हवा तितकं तोंड मोठं. अक्कांचा आवाज बारीक असला तरी त्याच्या तळाशी एक खरखरीत माया आहे, ती सुटू नये म्हणून मी तोंड मोठं धरलं. किती मोठं, ते मी कागदावर लहान करून काढल्यामुळे माझ्या नीट लक्षात आलं नाही.

दगडू मिस्तरी दारं-खिडक्या करतात. त्यांना मी जुन्या सागवानी दारांच्या फळ्या दिल्या आणि त्यांच्या गोल, पोकळ कड्या कापायला सांगितल्या. प्रत्येक कडी आधीच्यापेक्षा थोडी मोठी. त्या बांगड्यांसारख्या एकावर एक चिकटवायच्या आणि आतून कानशीने घासून गुळगुळीत करायच्या. मिस्तरींनी आराखडा उभा धरला, आडवा धरला.

"साहेब, याला तळ कुठंय?"

"तळ नाही."

"मग यात राहील काय?"

"आवाज."

मिस्तरींनी मंगलकडे बघितलं. मंगलने चहा ठेवते म्हणून आत पळ काढला. त्यानंतर मिस्तरींनी मला प्रश्न विचारले नाहीत. माझ्याशी बोलताना ते जरा सावकाश आणि मोठ्याने बोलू लागले, एवढंच.

काम गच्चीवर चाललं होतं, कारण भुसा घरात नको असं मंगलचं म्हणणं. पहिला भोंगा घासून तयार झाला तो दिवस मला आठवतो. काय सुरेख दिसत होता! मी आतून हात फिरवला, कुठे काही अडेना. तरी खात्री करावी म्हणून कारखान्यात करतो तेच केलं. बादलीभर पाणी आणलं आणि भोंग्यात ओतलं. मला फक्त बघायचं होतं, धार कुठे फाटते का. धार नाही फाटली. दुसऱ्या दिवशी कड्या फाटल्या. सागवान पाणी पिऊन फुगलं आणि भोंग्याच्या अंगावर बोट जाईल अशी फट पडली.

मिस्तरींनी फटीत बोट घालून बघितलं. "पाणी कशाला ओतलं पण?"

"आवाज पाण्यासारखाच वाहतो ना."

"मग आवाजच ओतायचा होता," मिस्तरी म्हणाले, आणि कड्या सोडवायला बसले.

पुन्हा वाळवणं, पुन्हा गोंद, पुन्हा कानस. शेवटी युनिट बसवलं, मशीन लावलं आणि माइक तोंडाशी धरून मी हळूच म्हणालो, "हॅलो." पलीकडच्या आळीतून कुणीतरी म्हणालं, "हां, बोला."

मग मंगल बोलली. तिने अक्कांच्या गाण्याचं धृपद म्हटलं, तेवढंच तिला येत होतं. टिनाच्या भोंग्यातून माणूस नाकात बोलतो. या लाकडातून ती छातीतून बोलली. मी वायर हातात घेऊन तसाच उभा राहिलो. पोकळीत काहीच नव्हतं, मी स्वतः आत हात घालून घासली होती ती, आणि तरी तिथून हे येत होतं. मला खरोखर भरून आलं. मंगल म्हणाली, "अक्कांना आवडेल हो." त्या एका वाक्यावर मी दुसरा भोंगाही पूर्ण केला.

मग आम्ही ते खाली न्यायला निघालो, आणि मला कळलं की भोंग्याचं तोंड आमच्या जिन्यापेक्षा मोठं आहे. आडवं करून बघितलं, तिरकं करून बघितलं. मिस्तरींनी जिन्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "जिनाबी तुम्हीच काढला होता का साहेब?" शेवटी भोंगे चादरीत बांधून दोरीने गच्चीवरून सोडले. ते तोल सांभाळत कोल्हेकाकूंच्या खिडकीसमोरून खाली चालले असताना काकूंनी पडदा बाजूला केला.

"झालं वाटतं ते तुमचं," काकू म्हणाल्या.

टेम्पोत भोंगे घालून आम्ही धुळ्याला निघालो. वाटेत चहाला थांबलो तेवढ्यात टेम्पोभोवती माणसं जमली. पिठाच्या गिरणीला बसवायचे का, असं एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, कारंजं दिसतंय. एका म्हाताऱ्याने आत डोकं घालून "ओ" केलं, डोकं बाहेर काढलं, थोडा विचार केला आणि पुन्हा घालून "ओ" केलं. त्या म्हाताऱ्याचं आणि माझं लगेच जमलं.

नानांच्या घरी पोचल्यावर मी ताबडतोब भोंगे बसवायला घेतले. त्यासाठी लोखंडी अँगलचे स्टँड केले होते, भोंगा हव्या त्या दिशेला फिरवता येईल असे. दिवाणखान्याच्या दारात दोन्ही बाजूंना स्टँड उभे केले आणि भोंग्यांची तोंडं अंगणाकडे केली. आत देवी, देवीसमोर अक्का, अक्कांसमोर माइक, आणि आवाज सरळ बाहेर. साउंडचं काम करणारा कुठलाही माणूस असंच करेल. नानांनी फिरून बघितलं आणि युनिटावर थाप मारली. जावयाबद्दल नानांच्या चेहऱ्यावर कौतुक दिसण्याची ती पहिलीच वेळ होती. ते फार टिकलं नाही, कारण आतून अक्का आल्या.

"हाई काय शे?"

"अक्का, हे तुमच्यासाठी. यंदा तुमचं गाणं गल्लीभर ऐकू जाणार."

अक्कांनी भोंग्याला प्रदक्षिणा घातली. "यानं तोंड कोनतं?"

"हे. रुंद बाजू."

"मंग तोंड रस्ताकडे आनि पाठ देवीकडे? बठ्ठी भाऊबंदकी देवीसमोर हात जोडी बठस, आनि तुमना भोंगा तिले पाठ दखाडस?"

"अक्का, ते यंत्र आहे."

"ट्रॅक्टरले दसराले हार घालतसच ना? तो काय मानूस शे?"

नाना खाकरले. "वहिनी, भोंगानं तोंड माइककडे ठेवं ते शिट्टी मारस."

"तुन्हा टीनना भोंगास्नी जलमभर शिट्ट्याच मार्‍यात," अक्का म्हणाल्या. "तू नको सांगू."

नानांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलं होतं, की जवाईबुवा, आता तुम्ही बोला. नाना बरोबर होते. माइकमध्ये गेलेला आवाज भोंग्यातून निघतो, तो परत माइकमध्ये शिरला की गोल गोल फिरून किंचाळायला लागतो, हे मलाही ठाऊक होतं. पण अक्का रागावल्या आणि गायल्याच नाहीत तर सगळंच मुसळ केरात! आणि दुसरं म्हणजे, नाना मघाशी टिनाच्या बरोबरीने माझ्या सागवानाला बसवत होते, ते मला लागलं.

"टिनाचा मारतो शिट्टी," मी म्हणालो. "लाकडाचा मारणार नाही. जास्तीचा आवाज लाकूड पिऊन टाकतं."

"कोनी सांगं तुमले?" नानांनी विचारलं.

"मीच अभ्यास केलाय," मी म्हणालो. नाना बाजूला सरकले. मी स्टँड फिरवले आणि दोन्ही भोंग्यांची तोंडं कानबाईकडे केली. म्हणजेच अक्कांच्या पाठीकडे. म्हणजेच माइककडे. अक्कांनी दोन्ही भोंग्यांना हळदकुंकू लावलं आणि न गाण्याचा हट्ट सोडून त्या देवीसमोर बसल्या.

दिवे लागले. आरती झाली. मागच्या गल्लीत डीजे सुरू झाला, आदल्या वर्षीपेक्षा मोठा. भिंतीवरचं कॅलेंडर हलायला लागलं. अक्कांनी एकदा त्या दिशेला बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मंगलने मला खूण केली. मी मशीन चालू केलं. अक्कांनी गाण्याआधीचा श्वास घेतला, आणि तो नुसता श्वास सगळ्या घरात ऐकू आला. पोरंटोरं गप्प झाली. अक्का दचकल्या आणि मग जरा हसल्या. आयुष्यात माझं एखादं यंत्र बरोबर चाललं असेल तर ते तेवढ्या एका श्वासापुरतं. तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं, पण मला वाटलं, डीजेवर मात करायची तर आणखी थोडं वाढवावं. मी बटण किंचित फिरवलं.

त्यानंतर जे झालं त्याला शिट्टी म्हणणं म्हणजे सातपुड्याला उंचवटा म्हणण्यासारखं आहे. भोंगे किंचाळले! देवीची नथ थरथरली. झोळीतलं बाळ, दारातला कुत्रा आणि माझे थोरले मेहुणे एकाच सुरात ओरडले. स्वयंपाकघरातून माझ्या सासूबाई लाटणं घेऊन धावत आल्या, चोर समजून असेल किंवा जावई समजून. अक्का दोन्ही कानांवर हात ठेवून बसल्या होत्या. मी मशीनकडे झेपावलो आणि बटण मागे फिरवलं. बटण माझ्या हातात आलं. भोंगे किंचाळतच होते. मी ते बटण पुन्हा जागेवर बसवायचा प्रयत्न करत होतो (माणूस अशा वेळी असलंच काहीतरी करतो), इतक्यात नानांनी सावकाश उठून भिंतीतली पिन उपसली.

शांतता झाली. सगळी भाऊबंदकी माझ्याकडे बघत होती. मी हातातल्या बटणाकडे बघत होतो. माझ्या मनात एकच गोष्ट होती, की आता अक्का कधीच गाणार नाहीत आणि हे मी केलं. अक्का माझ्याकडे वळल्या. काहीतरी खरमरीत बोलायला त्यांनी तोंड उघडलं. आणि तशाच थांबल्या.

डीजेसुद्धा बंद झाला होता.

मागच्या खिडकीतून आवाज आला, "बंद कर रे, बंद कर! आपलंच शिट्टी मारी राहिनं!" मेहुण्यांनी डोकावून बघितलं. डीजेवाला त्याच्या स्पीकरच्या खोक्यांच्या भिंतीवर चढून एकेक वायर उपटत होता. आमच्या भोंग्यांची किंकाळी इतक्या जोराने भिंतीपार गेली होती, की ती आपल्याच सेटमधून निघाली असं त्याला वाटलं.

अक्कांनी उघडलेलं तोंड माझ्यासाठी वाया घालवलं नाही. त्या देवीकडे वळल्या आणि गायला लागल्या. माइक नाही, मशीन नाही. तो बारीक, तळाशी खरखरणारा आवाज घराच्या कानाकोपऱ्यात गेला. धृपद आलं तसं बायकांनी उचललं. पुढच्या ओळीला मंगल अक्कांच्या ओठांकडे न बघता, नुसतं ऐकून मागोमाग म्हणायला लागली. काय किंचाळलं ते बघायला मागच्या गल्लीतली माणसं आमच्या दारात आली होती, ती चपला काढून तिथेच बसली.

एक गाणं संपलं, दुसरं लागलं. तेवढ्यात डीजेवाला स्वतः दारात आला. त्याचे हात काळे झाले होते. त्याने हळूच नानांना बाहेर बोलावलं. मीही मागे गेलो, कारण आत माझ्याकडे कुणी बघत नसलं तरी मला तसं वाटत होतं.

"नाना, तुमनाकडे लाइट बराबर शे का? मना सेट शिट्टी कसा मारी राहिना, काही समजत नही."

माझे सासरे उभा जन्म साउंडच्या धंद्यात होते. त्यांनी अत्यंत गंभीर चेहऱ्याने दारातल्या दोन सागवानी भोंग्यांना स्वतःच्या धोतराआड घेतलं. "अर्थिंग दख भाऊ," ते म्हणाले. "एकेक वायर सोडीसन दख. घाई करू नको."

तो बिचारा अर्थिंग बघायला गेला. अक्कांची सगळी गाणी म्हणून झाली तरी तो बघतच होता.

दुसऱ्या दिवशी विसर्जनानंतर आम्ही निघालो. मी भोंगे टेम्पोत चढवत होतो तेव्हा अक्का बाहेर आल्या. मंगल त्यांच्या मागेच होती, कालच्या गाण्याची दुसरी ओळ पुटपुटत.

"पुढला सालबी भोंगा लई येज्यात, जवाईबुवा," अक्का म्हणाल्या.

भोंगे घेऊन या म्हणतात! मला माझ्या कानांवर विश्वास बसेना. "म्हणजे तुम्ही गाणार? आणि भोंगे आवडले तुम्हाला?"

"गाना सुरू करानं पहिले त्यास्ले एकदाव तशीच बोंब मारू द्या," अक्का म्हणाल्या. "मंग पिन काढी टाका. पुढलं मी दखी लिसू."

श्रावण आता जवळ आला आहे. दगडू मिस्तरींना मी परवा, सुट्टी घेतल्या घेतल्या, बोलावून घेतलं आणि नवीन आराखडा पुढे ठेवला. भोंगे करणारे लोक शिट्टी लागू नये म्हणून डोकं खाजवत असतात. मी मात्र ती पहिल्याच झटक्यात, खणखणीत आणि मागच्या गल्लीच्या दिशेने लागावी म्हणून काय करता येईल ते मिस्तरींना अर्धा तास समजावून सांगितलं. मिस्तरींनी सगळं ऐकून घेतलं, आराखड्याची घडी घातली आणि घरात जाऊन मंगलला विचारलं, "वहिनी, साहेबांची सुट्टी कधी संपते?"